140 सह्यांचं निवेदन अडकतं कुठे?

एका नगरपरिषदेच्या हद्दीतल्या वसाहतीतून एका ताईंनी प्रश्न विचारला आहे. त्यांची वसाहत 64 घरांची. तीन पावसाळे झाले, शेवटच्या गल्लीत गुडघाभर पाणी साचतं. गटार तुंबलेलं, दोन खांबांवरचे दिवे बंद, मोकाट कुत्र्यांचा त्रास, घंटागाडी एक दिवसाआड, बागेसाठी सोडलेल्या जागेवर कचरा, अशा 11 मागण्यांचं निवेदन त्यांनी 140 सह्यांनिशी दिलं. मुख्याधिकारी, नगराध्यक्ष, आमदार, जिल्हाधिकारी, पालकमंत्री अशा सगळ्यांना प्रती दिल्या. निवेदन देतानाचा फोटो पेपरातही आला. सव्वा वर्ष झालं, एका ओळीचं उत्तर नाही. आता उपोषणाला बसावं का, असं त्या विचारतात.

ताई, उपोषणाचं पुढे बोलतो. आधी तुमच्या कागदाचं काय झालं असेल ते सांगतो. मी 29 वर्षं वेगवेगळ्या नगरपरिषदांच्या बांधकाम विभागात काढली. कनिष्ठ अभियंता म्हणून लागलो, शहर अभियंता म्हणून निवृत्त झालो. आता वसाहतींना, सोसायट्यांना निवेदनं लिहायला मदत करतो. असे शेकडो कागद माझ्या टेबलावर आले. त्यातले कुठले हलले आणि कुठले जागच्या जागी राहिले, हे मी जवळून पाहिलं आहे.

तुमचं निवेदन पहिल्यांदा बारनिशीत, म्हणजे आलेलं टपाल नोंदवतात त्या टेबलावर गेलं. तिथे त्यावर शिक्का बसला, आवक क्रमांक पडला, तुम्हाला पोच मिळाली. संध्याकाळी टपालाचा गठ्ठा मुख्याधिकाऱ्यांपुढे गेला. एका दिवसाचं टपाल साठ-सत्तर कागदांचं. साहेब प्रत्येक कागदाचा विषय वाचतात, कोपऱ्यात विभागाचं नाव लिहितात, आद्याक्षरी करतात. तुमच्या निवेदनाचा विषय होता ‘वसाहतीतील विविध समस्यांबाबत’. विविध समस्या म्हटलं की साहेब पहिली मागणी बघतात. पहिली घंटागाडीची असेल तर कोपऱ्यात ‘आरोग्य’ लिहिलं जातं आणि अख्खा कागद आरोग्य विभागाकडे जातो. तिथला लिपिक स्वच्छता निरीक्षकाला दाखवतो. निरीक्षक घंटागाडीवाल्याला दोन शब्द सुनावतो, आठवडाभर गाडी रोज येते. मग कागदावर शेरा पडतो, ‘कार्यवाही केली, दप्तरी दाखल’. उरलेल्या दहा मागण्या बांधकाम, विद्युत आणि पाणीपुरवठा विभागाच्या टेबलावर कधी पोहोचल्याच नाहीत. कुणी मुद्दाम दाबल्या असं नाही. कागद एक होता, तो एकाच टेबलावर गेला.

आणि ज्या प्रती तुम्ही वर पाठवल्या, त्या सगळ्या फिरून नगरपरिषदेतच आल्या असणार. जिल्हाधिकारी कार्यालयाने ‘नियमानुसार उचित कार्यवाही करून अर्जदारास परस्पर कळवावे’ असं छापील पत्र जोडून पाठवलं असेल. ते आलं तोवर मूळ कागद दप्तरी दाखल झालेला. नव्या पत्राला नवा आवक क्रमांक, तेही त्याच लिपिकाकडे. तो जुना शेरा दाखवून तेही बंद करतो.

म्हणून मी प्रत्येकाला पहिली गोष्ट सांगतो ती ही की, निवेदनाची फाईल व्हायला हवी. कागद आणि फाईल यात फार मोठा फरक आहे. कागदावर शेरा मारून तो बंद करता येतो. फाईल झाली म्हणजे त्यावर टिपणी लिहिली जाते, स्थळपाहणी होते, कामाच्या खर्चाचं अंदाजपत्रक लागतं, मंजुरी लागते आणि ती प्रत्येक टेबलावर नोंदली जाते. सगळी मेहनत आपला कागद फाईल व्हावा यासाठी करायची. एकदा फाईल झाली की ती कुठे आहे एवढं विचारत राहिलं तरी ती पुढे सरकते.

फाईल होण्यासाठी एका निवेदनात एकच विषय आणि एकच जागा असावी. 11 मागण्या असतील तर 11 निवेदनं द्या. एकाच दिवशी नको. आधी सगळ्यात जास्त जाच कशाचा ते आपसात ठरवा. तुमच्या पत्रावरून तो गल्लीतल्या पाण्याचा दिसतो. बंद दिव्यांसाठी निवेदन लागतही नाही. खांबाचा क्रमांक लिहून विद्युत विभागात साधी तक्रार नोंदवली की काम होतं. ते सह्यांच्या निवेदनात घालून तुम्ही पाण्याच्या प्रश्नाचं वजन कमी केलंत.

आता त्या पाण्याकडे वळतो, कारण खरा गुंता तिथे आहे.

लिहायला बसण्याआधी तो रस्ता आणि ते गटार कुणाच्या ताब्यात आहे ते शोधा. तुमची वसाहत खासगी लेआउटमध्ये असावी असा माझा अंदाज आहे. अशा वसाहतींत जमीनमालकाने किंवा बिल्डरने रेखांकन मंजूर करून घेतलेलं असतं, प्लॉट विकलेले असतात, पण अंतर्गत रस्ते आणि मोकळी जागा नगरपरिषदेकडे रीतसर हस्तांतरित केलेली नसते. वीस-वीस वर्षं घरपट्टी भरणाऱ्या लोकांना हे ठाऊकच नसतं. मग निवेदन आलं की अभियंता टिपणीत लिहितो, ‘सदर रस्ता नगरपरिषदेकडे हस्तांतरित नसल्याने खर्च करता येत नाही’, आणि विषय संपतो. ही टिपणी मी स्वतः कितीतरी वेळा लिहिली आहे. लेखापरीक्षणात खासगी जागेवरचा खर्च आक्षेपात निघतो, म्हणून अभियंता तिथे हात घालायला धजत नाही. नगररचना विभागात जाऊन तुमच्या मंजूर रेखांकनाची प्रत मागा, त्यातल्या अटी वाचा आणि सातबारा किंवा मिळकतपत्रिकेवर रस्त्याच्या जागेला कुणाचं नाव लागलंय ते बघा. हस्तांतरण झालेलं नसेल तर तुमचं पहिलं निवेदन गटाराचं नाही, हस्तांतरणाचं असलं पाहिजे. त्याला वेळ लागतो. पण ते केल्याशिवाय पुढच्या सगळ्या निवेदनांवर तोच शेरा येत राहील. शेजारून जाणारा मोठा रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा असेल आणि त्यांच्या मोरीमुळे (रस्त्याखालून पाणी जायला केलेल्या वाटेमुळे) पाणी अडत असेल, तर नगरपरिषदेला कितीही लिहा, उपयोग नाही. पत्र त्या विभागाच्या उपविभागीय कार्यालयात द्यायचं.

रस्ता नगरपरिषदेचाच असेल तर मग कायदा तुमच्या बाजूने आहे. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम 1965 च्या कलम 49 मध्ये नगरपरिषदेची आवश्यक कर्तव्यं दिली आहेत. दिवाबत्ती, रस्ते-गटारांची सफाई, सांडपाण्याची व्यवस्था ही त्यात येतात. महापालिका असेल तर 1949 च्या अधिनियमाचं कलम 63, मुंबईत 1888 च्या कायद्याचं कलम 61. निवेदनात याचा एका वाक्यात उल्लेख पुरे. दोन पानं कायदा लिहिला तर अभियंता वाचत नाही, तो कागद विधी सल्लागाराकडे जातो आणि महिनाभर तिथेच राहतो.

आता मोजमाप. इथे मी एक प्रसंग सांगतो, कारण त्याने मला स्वतःला शिकवलं.

एका गावात माझ्या हाताखाली एक वसाहत होती. तिथल्या लोकांची चार वर्षांत सात निवेदनं आली होती. सगळ्यांत ‘नागरिकांचे अतोनात हाल होत असून’, ‘साथीचे रोग पसरण्याची शक्यता नाकारता येत नाही’, ‘अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल’. माझ्याकडे कागद यायचा, मी नालेसफाईच्या गँगला पाठवायचो, ते गाळ काढून यायचे, पुढच्या पावसात पुन्हा पाणी. पाचव्या वर्षी तिथल्या एका निवृत्त शिक्षिकेने निवेदन आणलं. एक पान. त्यांनी आपल्या फाटकाच्या खांबावर प्रत्येक मोठ्या पावसानंतर पाण्याची रेघ खडूने मारून बाजूला तारीख लिहिली होती आणि त्याचा फोटो जोडला होता. शिवाय त्यांनी आणि शेजारच्या दोघींनी शिलाईच्या टेपने गटार मोजलं होतं. वरच्या अंगाला गटार दोन फूट रुंद. तेच गटार चौकात रस्त्याखालून जातं तिथे जुन्या मोरीत सिमेंटचा पाईप फक्त एक फुटाचा. दोन फुटांतून आलेलं पाणी एका फुटातून कसं जाणार? पत्रात शेवटी लिहिलं होतं, ‘हे बरोबर आहे की चूक, ते कृपया जागेवर येऊन पाहावे.’

मी दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. मोजलं. बाई बरोबर होत्या. चार वर्षं मी गाळ काढत होतो आणि दुखणं पाईपचं होतं. तीन आठवड्यांत अंदाजपत्रक केलं, कारण आता मला नेमकं काय करायचं ते माहीत होतं आणि टिपणीत लिहायला कारण होतं. पुढच्या पावसाळ्याआधी मोरी बदलली.

त्या सात निवेदनांत मिळून हजारभर सह्या असतील. या एका पानावर तीन होत्या.

म्हणून तुमच्या गल्लीत हेच करा. वहीत तारीख, पाऊस सुरू झाल्याची वेळ, पाणी किती इंच चढलं, किती तासांनी ओसरलं, किती घरांत शिरलं, एवढं लिहा. तीन नोंदी झाल्या तरी पुष्कळ. गटार वर किती रुंद-खोल आहे, खाली किती, कुठे पाईप आहे, कुठे वळण आहे, कुठे ते बंदच झालंय, हे चालत जाऊन बघा. फोटो काढताना त्यात पट्टी किंवा टेप धरा आणि मागे ओळखू येईल असं घर किंवा खांब येऊ द्या. नुसत्या डबक्याचा फोटो कुठल्याही गावचा असू शकतो.

निवेदन साधारण असं असावं:

विषय : प्रभाग क्र. अमुक, अमुक वसाहत, गल्ली क्र. 4 च्या तोंडाशी असलेल्या मोरीचा पाईप बदलण्याबाबत.

संदर्भ : आमचे दि. अमुकचे निवेदन, आपला आवक क्र. अमुक.

महोदय, वरील मोरीखाली 300 मिमी व्यासाचा पाईप आहे. त्याच्या वरच्या बाजूचे गटार 600 मिमी रुंद आहे. दि. 9 जुलै, 22 जुलै व 14 ऑगस्ट रोजी येथे पाणी साचले. सर्वांत जास्त खोली 1 फूट 4 इंच होती व पाणी ओसरण्यास 5 तास लागले. 11 घरांत पाणी शिरले. मोजमापाचा कच्चा नकाशा व 4 फोटो सोबत जोडले आहेत. तरी कनिष्ठ अभियंत्यांमार्फत स्थळपाहणी करून या कामाचे अंदाजपत्रक तयार करावे व ते मंजुरीसाठी कधी सादर होईल हे आम्हाला लेखी कळवावे, ही विनंती. पाहणीच्या वेळी खालील दोघे हजर राहतील.

खाली दोन नावं, दोन मोबाईल क्रमांक. बस.

यातली मागणी नीट वाचा. ‘पाण्याचा प्रश्न कायमचा सोडवावा’ असं म्हटलेलं नाही. ‘स्थळपाहणी करून अंदाजपत्रक तयार करावे’ असं म्हटलंय. कायमचा प्रश्न सोडवणं कुठल्याच एका टेबलाच्या हातात नसतं. स्थळपाहणी आणि अंदाजपत्रक मात्र कनिष्ठ अभियंत्याच्या हातात असतं, त्यासाठी त्याला कुणाची मंजुरी लागत नाही. त्याच्याकडून जे होऊ शकतं तेच मागितलं की नाही म्हणायला त्याला जागा राहत नाही. आणि अंदाजपत्रक तयार झालं की तुमचा कागद फाईल झाला.

भाषेची काळजी करू नका. संविधानाच्या अनुच्छेद 350 प्रमाणे आपली तक्रार संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत मांडण्याचा प्रत्येकाला हक्क आहे. साध्या घरगुती मराठीत लिहिलेलं निवेदन मला नेहमी लवकर कळायचं.

सह्यांबद्दल तुम्हाला वाईट वाटेल, पण खरं सांगतो. गटारासाठी 140 सह्यांची गरज नव्हती. सह्यांची संख्या कायद्याने मोजली जाते अशी ठिकाणं थोडी आहेत. त्यातलं आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असलेलं म्हणजे दारूदुकान बंद करण्याचं. राज्य शासनाच्या 2008 च्या आदेशाप्रमाणे गावातल्या किंवा नगरपालिकेच्या वॉर्डातल्या किमान 25 टक्के महिला मतदारांनी किंवा एकूण मतदारांनी मागणी केली तर मतदान घेतलं जातं. तीच ती उभी बाटली, आडवी बाटली: उभी म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. तिथे प्रत्येक सही मतदार यादीशी पडताळून पाहतात, बनावट सही सापडली की मागणी लंगडी पडते, आणि आडव्या बाटलीला एकूण मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात, नुसत्या मतदानाला आलेल्यांच्या नव्हे. म्हणून बायका दारोदार फिरून एकेक सही गोळा करतात, त्याला तोड नाही. दारूच्या दुकानांविरुद्ध नगरपालिकेला लिहिण्याची परंपराही आपल्याकडे जुनी आहे. महात्मा फुले 1876 ते 1882 पुणे नगरपालिकेचे सदस्य होते आणि 1880 मध्ये शहरात वाढत चाललेल्या दारूच्या गुत्त्यांबद्दल त्यांनी नगरपालिकेच्या कार्यकारी अध्यक्षांना पत्र लिहिलं होतं.

गटारासाठी मात्र सह्या कुणाच्या आहेत हे महत्त्वाचं. ज्या घरांत पाणी शिरलं, त्या प्रत्येक घरातली एक सही, घर क्रमांकासह. आणि ज्यांच्या दारातून गटार जातं त्यांच्या सह्या. यात एक नाजूक गोष्ट आहे. तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत, पण तुंबलेल्या गटाराच्या दहापैकी सात-आठ जागी मी हेच पाहिलंय की कुणीतरी गाडी चढवायला गटारावर काँक्रीटचा उतार केलेला असतो, पायऱ्या पुढे आणलेल्या असतात, ओटा बांधलेला असतो. त्याखाली गाळ काढायला माणसाचा हात जात नाही. वसाहत निवेदन देते, अभियंता पाहणीला येतो, उतार फोडावा लागेल म्हणतो. तिसऱ्या दिवशी उतारवाल्यांचं दुसरं निवेदन येतं, ‘आमच्यावर आकसाने कारवाई होत आहे’. एकाच गल्लीतून दोन उलटी निवेदनं आली की कुठलाही अधिकारी फाईल खाली ठेवतो. वाद मिटेपर्यंत तो थांबतो, आणि वाद आपोआप मिटत नाही. म्हणून आधी गल्लीत बसा. एखाद्या रविवारी ज्यांचे उतार आहेत त्यांच्या घरी जा, चारचौघांत उणंदुणं काढू नका, आणि उचलता येईल अशी लोखंडी जाळी किंवा फरशी बसवायला त्यांना राजी करा. तशी त्यांची लेखी संमती निवेदनाला जोडली तर अभियंत्याला केवढा धीर येतो, हे मी शब्दांत सांगू शकत नाही.

नगरसेवकांना टाळू नका. 2022 नंतर बराच काळ राज्यातल्या पुष्कळ नगरपरिषदा-महापालिकांवर प्रशासक होते, तेव्हा लोकांना थेट अधिकाऱ्यांशी बोलायची सवय लागली. ती ठेवा, पण प्रभागात दोन सदस्य असतील तर दोघांकडेही प्रत द्या, मग ते एकाच पक्षाचे असोत वा विरोधी. एकालाच धरलं की दुसरा ते काम त्याचं समजतो. त्यांच्याकडे मागायचं काय, तर हा विषय सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा किंवा नगरपरिषदेच्या वार्षिक अंदाजपत्रकात या कामासाठी तरतूद सुचवावी. निवेदनाचा फोटो हवा असेल तर काढा, पण त्यांच्याकडून हे दोन शब्द मागून घ्या.

तरतूद हा शब्द आला म्हणून पैशांचं सांगतो. नगरपरिषदेचं वर्ष एप्रिलला सुरू होतं, पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक फेब्रुवारीअखेर मंजूर व्हावं लागतं. त्यासाठी विभागांकडून कामांच्या याद्या साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये मागवल्या जातात. तुमचं निवेदन जुलैत गल्लीत पाणी असताना गेलं, असं दिसतं. सगळ्यांची तेव्हाच जातात. तेव्हा अभियंता नालेसफाईत आणि पडलेल्या झाडांत बुडालेला असतो आणि त्या वर्षीचे पैसे आधीच वाटले गेलेले असतात. पावसाळ्यात नोंदी करा, सप्टेंबरअखेर निवेदन द्या, ऑक्टोबरात स्थळपाहणी करून घ्या, डिसेंबरच्या यादीत आपलं काम आहे का ते विचारा. पुण्यात 2006-07 पासून नागरिकांनी सुचवलेली छोटी कामं महापालिकेच्या अंदाजपत्रकात घेतली जातात. तुमच्या गावी तशी सोय नसली तरी त्या दिवसांत दिलेलं निवेदन प्रत्यक्षात तेच काम करतं. नगरपरिषदेकडे पैसे नसतील तर जिल्हा नियोजन समितीचा निधी, राज्याची नगरोत्थान योजना, आमदार निधी असे मार्ग असतात. पण या सगळ्यांना त्या कामाचं तयार अंदाजपत्रक लागतं. आमदार निधी द्यायला तयार आहेत आणि अंदाजपत्रकच नाही, असं मी किती वेळा पाहिलं!

‘निधी नाही’ हे उत्तर लेखी आलं तर तो कागद जपून ठेवा. मध्य प्रदेशातल्या रतलामच्या न्यू रोडवरचे रहिवासी उघडी गटारं, त्यातली घाण आणि मद्यार्काच्या कारखान्यातून येणारं दुर्गंधीचं पाणी याला कंटाळून दंडाधिकाऱ्यांकडे गेले होते. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 133 खाली सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा आदेश त्यांनी मागितला आणि तो मिळाला. नगरपालिका पैसे नाहीत म्हणत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. 1980 मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकाल दिला की पैशांची अडचण सांगून नगरपालिकेला आपलं मूळ कर्तव्य टाळता येणार नाही. रतलाम नगरपालिका विरुद्ध वर्धीचंद हा तो निकाल. कलम 133 च्या जागी आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 152 आहे. हा मार्ग शेवटचा ठेवा, आणि त्यासाठी वकील घ्या. पण तो आहे, हे तुम्हाला माहीत असू द्या.

त्याच्या आधीच्या पायऱ्या अशा. निवेदनानंतर महिनाभर काही झालं नाही तर स्मरणपत्र द्या, तीन ओळींचं, जुन्या आवक क्रमांकासह. त्यानेही झालं नाही तर माहितीचा अधिकार. महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आणि 150 शब्दांपर्यंतचा असावा लागतो, 10 रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावायचं. ‘काम का झालं नाही’ असं विचारू नका. ‘का’ला माहिती अधिकारात उत्तर मिळत नाही, आणि ते न देण्याचं कारण मात्र लगेच मिळतं. कागद मागा. आवक क्रमांक अमुकच्या निवेदनावर लिहिलेल्या टिपणीची प्रत, ते ज्या ज्या टेबलावर गेलं त्याच्या नोंदवहीच्या पानाची प्रत, स्थळपाहणी अहवालाची प्रत, गेल्या पाच वर्षांत त्या गल्लीत झालेल्या कामाच्या कार्यारंभ आदेशाची, म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करायला दिलेल्या आदेशाची प्रत. 30 दिवसांत उत्तर यायला हवं. नाही आलं तर 30 दिवसांच्या आत पहिलं अपील. पुष्कळदा अर्ज पोहोचल्यावरच लिपिक जुना कागद शोधतो, आणि टिपणी नाही असं लिहून द्यायला नको म्हणून टिपणी लिहितो. तेवढ्यानेच फाईल सुरू झालेली मी पाहिली आहे. शिवाय राज्य शासनाच्या 2018 च्या निर्णयाप्रमाणे स्थानिक स्वराज्य संस्थांत सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळात कागदपत्रं पाहता येतात. जा, शांतपणे बसा, फाईल उघडून वाचा.

शेवटचा कार्यारंभ आदेश मी मुद्दाम मागायला सांगितला. गटार किंवा रस्ता गेल्या दोन-तीन वर्षांत झालेला असेल तर त्याला दोषदायित्व कालावधी असतो. त्या मुदतीत काम खराब झालं तर ठेकेदाराने ते स्वखर्चाने दुरुस्त करायचं असतं. मग निधीचा प्रश्नच उरत नाही. ‘दोषदायित्व कालावधी दि. अमुक रोजी संपत असल्याने त्यापूर्वी ठेकेदाराकडून दुरुस्ती करून घ्यावी’ हे एक वाक्य असलेलं निवेदन कुणी बाजूला ठेवत नाही, कारण तारीख उलटली तर जबाबदारी अधिकाऱ्याच्या अंगावर येते.

लोकशाही दिनाला, म्हणजे अधिकारी लोकांच्या तक्रारी समोरासमोर ऐकतात त्या दिवशी, जायचं असेल तर तिथे सामूहिक निवेदन चालत नाही, तक्रार वैयक्तिक स्वरूपाची लागते. तालुक्याचा लोकशाही दिन तिसऱ्या सोमवारी, जिल्ह्याचा आणि महापालिकेचा पहिल्या सोमवारी. विहित नमुन्यात 15 दिवस आधी अर्ज द्यायचा. पाणी शिरलेल्या घरांपैकी एकाने ‘माझ्या घरात पाणी शिरतं’ असा स्वतःचा अर्ज द्यावा. वसाहतीच्या लेटरहेडवर नेलात तर परत येईल. माहिती अधिकारात चालू असलेली बाब तिथे घेत नाहीत, म्हणून त्या अर्जात तुमच्या माहिती अर्जाचा विषय मिसळू नका.

आता उपोषण. उपोषणाचा इशारा दिला की दोन दिवस आधी एक पत्र येतं, ‘सदर काम प्रस्तावित असून आपण उपोषणापासून परावृत्त व्हावे’. लोक ते पत्र हातात घेऊन फोटो काढतात आणि घरी जातात. सहा महिन्यांनी काहीच झालेलं नसतं. ते पत्र घेताना तिथेच विचारा, कशात प्रस्तावित आहे? अंदाजपत्रकाचा क्रमांक, रक्कम, तांत्रिक मान्यतेची तारीख पत्रात लिहून द्या म्हणा. हे लिहून मिळालं तर उपोषण मागे घ्यायला हरकत नाही, मिळालं नाही तर ते पत्र कोरं आहे असं समजा. पण तुमच्या बाबतीत अजून ती वेळ आलेली नाही. तुम्ही अजून नेमकं काही मागितलेलंच नाही, आणि उपाशी राहून तेच 11 मुद्दे मागितलेत तर पुन्हा घंटागाडीच रोज यायला लागेल. तुमच्या वसाहतीत वयस्क मंडळी असतील, त्यांच्या जिवाशी खेळ करू नका.

काम मंजूर होऊन सुरू झालं की तुमचं लक्ष जास्त हवं. कार्यारंभ आदेशाची प्रत घ्या, त्यात पाईपचा व्यास आणि लांबी लिहिलेली असते. पाईप ट्रकमधून उतरला की टेप लावा. मंजूर 600 मिमीचा आणि आला 450 चा, असं घडतं. खड्डा बुजवल्यावर ते शोधून काही उपयोग नाही. बुजवण्याआधी फोटो काढा, टेप धरून. मोजमाप पुस्तकात अभियंता काय नोंदवतो ते नंतर माहिती अधिकारात मिळतं, त्याच्याशी तो फोटो ताडून पाहता येतो.

या रविवारी सकाळी वसाहतीतल्या चौघीचौघांनी टेप, वही आणि चार बादल्या पाणी घेऊन गल्लीच्या वरच्या टोकाला जा. पाणी गटारात ओता आणि ते कुठे थबकतं ते चालत चालत बघा. जिथे थबकेल तिथे खडूने खूण करा, फोटो काढा, जवळच्या खांबाचा क्रमांक लिहून घ्या. ती वही आणि रेखांकनाची प्रत हाती आली की मला कळवा, निवेदन आपण सोबत बसून लिहू.